सतरा नंबरची सायकल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ऑफिसात तर नाहीच. लिहूनही ठेवलेलं नाही, आणि माझ्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण मी सगळं लिहून ठेवते. सिलिंडर कधी लावला, पाण्याच्या फिल्टरची कांडी कधी बदलली, कोणाच्या लग्नात काय आहेर केला. प्रताप नगरातल्या आमच्या घरी फ्रिजच्या दारावर एक यादी असते, पर्समध्ये दुसरी, ऑफिसच्या टेबलावर डायरी. काम झालं की पुढे बरोबरची खूण. दिवसाच्या शेवटी खुणा पाहिल्या की मला झोप चांगली लागते. लागायची.

सरळ सांगता येईल असं वाटलं होतं. बसले तर जमेना. मी जरा लांबून वळसा घालत येते आहे — ते मलाही दिसतंय.

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मी प्रशासन विभागात आहे. हजेरी, रजा, गणवेश, कँटीन, बसचे मार्ग — हे सगळं माझ्याकडे. सात वर्षांपूर्वी वरून सायकल योजना आली. कामगारांनी सायकलवर यावं, तब्येत चांगली राहील, कंपनीचंही नाव होईल. काही भार कंपनी उचलणार, बाकी पगारातून हप्त्यानं जाणार. बेचाळीस जणांनी नावं दिली. कुठली सायकल घ्यायची ते ठरवायचं काम मोठ्या साहेबांनी माझ्यावर टाकलं. "मॅडम, तुम्ही यादीवाल्या. तुम्हीच करा," म्हणाले. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

मी तक्ता केला. नऊ मॉडेल, अकरा रकाने. वजन, गिअर, टायरची जाडी, ब्रेक, किती दिवसांत मिळेल, सर्व्हिसिंग कोण करणार. माउंटन बाइकच घ्यायची, आणि स्वस्तातली, हे जवळजवळ आधीच ठरलेलं होतं. पोरांना जाड टायर हवे होते, पुढे शॉकअप हवा होता, चाकाला मोटारसायकलसारखी डिस्क हवी होती. साहेबांना फोटो हवा होता. स्वस्तात हे सगळं मिळत असेल तर कुठेतरी हात आखडलेला असणार, एवढं मला कळत होतं. पण माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

निवडीसाठी तीन कामगारांची समिती केली होती. त्यात देविदास होता. देविदास रामटेके, पॅकिंगमधला, तेव्हा चाळिशीचा. कारखान्यापासून सहा किलोमीटरवर त्याचं गाव. तिकडे कंपनीची बस जात नाही, त्यामुळे वीस वर्षं तो जुन्या काळ्या सायकलवरच यायचा. बेचाळीस जणांत खरोखर रोज सायकल चालवणारा तोच एक असेल. त्यानं नमुन्याच्या सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, हे तं डोंगरात चालवाची गाडी आहे. आपल्या इकडं डोंगर कुठी आहे? अन् डब्बा कुठी ठेवाचा, ते सांगा पहिले."

सगळे हसले. तोही हसला. "कॅरिअर नाही, स्टँड नाही. उभी कराची असली का कोणाच्या तरी हातात देऊन जा लागते," म्हणाला. "मडगार्ड नावाले आहे. पावसात पाठीवर रांगोळी काढते पहा हे."

मीही हसले आणि टिपणात लिहिलं — कॅरिअर व स्टँड ज्यानं त्यानं बाहेरून बसवून घ्यावं. हे वाक्य माझं आहे, माझ्या अक्षरात आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक लहान कबुली देते, म्हणजे मोठीसाठी तोंड उघडेल. मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. लहानपणी शिकले नाही, मग शिकायचं वय गेलं, मग सांगायची लाज वाटायला लागली. तक्त्यात "चालवून पाहिली" असा रकाना मीच आखला होता, आणि नऊच्या नऊ ठिकाणी मीच खूण केली होती. दुकानाच्या अंगणात हँडल धरून चार पावलं ढकलत नेली, एवढंच. कोणी विचारलं नाही. नीटनेटका तक्ता हातात असलेल्या बाईला कोण काय विचारणार?

ही गोष्ट सांगून मोकळं होता आलं असतं. पण ती ही नव्हे.

या सायकली खोक्यांतून येतात, अर्धवट जोडलेल्या. पुढचं चाक, हँडल, पॅडल आपण बसवायचं. विक्रेत्याचा माणूस येऊन आठ दिवसांत सगळ्या जोडून देणार होता. पण साहेबांनी खंडेनवमी धरली. आमच्याकडे त्या दिवशी मशीनं धुऊनपुसून त्यांना हार घालतात, नारळ फुटतो, सगळ्यांना पेढे मिळतात. त्याच वेळी बेचाळीस सायकली झेंडूच्या हारांसकट एका रांगेत उभ्या राहिल्या पाहिजेत, असं त्यांच्या मनात होतं. विक्रेता म्हणाला, जमणार नाही. मी म्हणाले, आम्ही करू. मेंटेनन्सच्या चार फिटरांना लावलं. सूत कातायचं यंत्र केसभरही न चुकता बसवणारी माणसं — त्यांना सायकल म्हणजे काय? त्यांनी अडीच दिवसांत जोडल्या. डिस्कवाली सायकल त्यांच्यातल्या एकानंही आधी उघडलेली नव्हती. हेही मी विचारलं नव्हतं.

प्रत्येक सायकलबरोबर तपासणीचा छापील कागद होता. बारा मुद्दे, बारा चौकटी, खाली तपासणाऱ्याची सही. नवमीच्या सकाळी मी टेबलाशी बसून बेचाळीस कागद भरले. पाचशे चार खुणा. एकाही सायकलला हात न लावता. चहा गार व्हायच्या आत संपवलं, आणि मला त्याचं समाधान वाटलं होतं — तेही आठवतं.

मग रांग पाहायला खाली गेले. रांग सरळ आहे की नाही ते माझ्या डोळ्याला लगेच कळतं. मी समोर उभी राहिले आणि पाहिलं. एकेचाळीस सायकलींच्या पुढच्या चाकाची चकती, म्हणजे ती ब्रेकची डिस्क, एका बाजूला होती. एकीची दुसऱ्या बाजूला. सतरा नंबर.

मला सायकलीतलं काही कळत नव्हतं, पण एक वेगळी आहे हे कळलं. डायरी काढून उभ्या उभ्या लिहिलं — "१७. पुढची चकती उलट बाजूला. विचारणे." तेवढ्यात साहेबांची गाडी आली. फिटर समोरच हात बांधून उभे होते. दोन पावलं टाकली असती तर विचारून झालं असतं. पण एक सायकल बाजूला काढली असती तर रांगेत खिंडार दिसलं असतं. आणि विचारलं असतं तर दिसलं असतं की सकाळीच सही केलेल्या बाईनं सायकल आत्ता पहिल्यांदा पाहिली. मी विचारलं नाही.

सतरा नंबर देविदासला मिळाली. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा तो साहेबांना म्हणाला, "नारळ तुम्ही फोडा साहेब, आपण गाडी धरतो." दुसऱ्या दिवशी दसरा. तो म्हणे बायकोला त्याच सायकलवर डबलसीट बसवून बुटीबोरीपर्यंत आणणार होता, तिथून दीक्षाभूमीची बस. पण डबलसीट बसवायला कॅरिअर नव्हतं. म्हणून त्याच संध्याकाळी भावाकडून कॅरिअर आणि स्टँड बसवून घेतलं.

भावाबद्दल सांगायला हवं. सुधाकर. देविदासहून सहा वर्षांनी लहान. गावच्या फाट्यावर त्याचं पंक्चरचं आणि सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, एक हवेचा पंप. पंप देविदासनं घेऊन दिलेला, कामही त्यानंच शिकवलेलं. दोघांची घरं एका अंगणात, मध्ये भिंत नाही. शिफ्ट सुटली की देविदास आधी फाट्यावर थांबायचा. भावाजवळ अर्धा तास बसायचा, मग दोघं मिळून घरी. कँटीनमध्ये सगळे त्याला चिडवायचे, "काहून गा, घरी बायको वाट पाहून राहिली, अन् तू भावापाशी?" तो म्हणायचा, "बायको आता आली. तो पहिल्यापासून आहे."

सायकल मिळून सहावा दिवस होता. जेवणाची सुट्टी संपत आलेली. मी दिवाळी भेटीच्या याद्या जुळवत होते. देविदास माझ्या खिडकीशी आला.

"मॅडम, सुधाकर म्हणते, याचा पुढचा चिमटाच उलटा बसला आहे. हँडल पुरं वळवलं का तार ताणते, अन् ब्रेक आपोआप लागते. मी म्हटलं, तूच करून दे. तं म्हणे, कंपनीची गाडी आहे, मी उघडली तं ग्यारंटी जाईन. तू मॅडमले विचार."

पुढचं चाक ज्या दोन नळ्यांमध्ये बसतं तो चिमटा. तो उलटा बसला की चकती दुसऱ्या बाजूला जाते. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं, ही तीच. मी मान वर केली का? नसेल केली. म्हणाले, "बाहेर अजिबात उघडू नका. पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगचा कँप आहे, तेव्हा बघून घेऊ. तोवर सांभाळून चालवा."

"बरं," म्हणाला आणि गेला. इतका विश्वास. मी लिहिलं — "देविदास रामटेके, १७. चिमटा उलटा, भाऊ म्हणतो. कँपमध्ये बघणे."

एकदा लिहिलं की मला ते काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. ही माझी जुनी खोड. माणसं माझ्या याद्यांचं कौतुक करतात. यादीत घालणं म्हणजेच कितीदा तरी न करणं असतं, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक?

दहा दिवसांनी, दुपारी तीनची शिफ्ट सुटल्यावर, कालव्याच्या पुलाजवळच्या वळणावर त्याच्यापुढे बकरी आली. त्यानं हँडल पूर्ण वळवलं. चाक जागच्या जागी थांबलं आणि तो हँडलवरून पुलाच्या कठड्यावर डोक्यानं आदळला.

अकरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. मेंदूला मार होता, डावा खांदा मोडला होता. वाचला. बोलायला लागला, माणसं ओळखायला लागला. पण मधला महिना गेला. दसऱ्याच्या आधीपासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत — काहीच नाही, कोरं. सायकल मिळाल्याचंही आठवेना. बायकोनं हारासकटचा फोटो दाखवला तर त्यानं विचारलं म्हणे, "हा मीच काय?"

तो बेशुद्ध असतानाच साहेबांनी मला बोलावलं. सायकल कारखान्यात आणून ठेवली होती आणि चिमटा उलटा आहे हे आता सगळ्यांनाच दिसत होतं. प्रश्न दोनच होते. तो आपल्याकडून उलटा गेला की बाहेर कोणी उलटा केला? आणि कोणाला आधी माहीत होतं का? "तुमचे कागद सगळे नीट आहेत ना, मॅडम?" साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "आहेत." "सोमवारी घेऊन या. डायरीपण आणा, तुमची नोंद पक्की असते."

आता मी वळसा घेत नाही. सांगते.

कंपनीच्या डायऱ्या आम्हीच छापून घेतो. त्या वर्षीच्या तीन कोऱ्या माझ्या कपाटात उरल्या होत्या. त्यातली एक मी घरी नेली. रविवारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर बसले आणि दहा महिन्यांची डायरी उतरवून काढली. जानेवारीपासून. जिथे निळं पेन होतं तिथे निळं, काळं होतं तिथे काळं. खाडाखोड होती तिथे तशीच खाडाखोड. एका पानावर चहाचा डाग होता, तोही पाडला. नवरा विचारत होता, काय एवढं? मी म्हणाले, ऑफिसचं. दोन ओळी सोडून बाकी सगळं तसंच्या तसं उतरवलं. नवमीची ओळ, आणि सहाव्या दिवसाची.

सोमवारी डायरी दिली. सतरा नंबरचा कागद दिला — बारा खुणा, सही. आणि तोंडानं सांगितलं की कॅरिअर आणि स्टँड बाहेर बसवलेलं आहे, भावाचंच दुकान आहे, तेव्हाच काहीतरी उघडलं असणार. तक्रार माझ्याकडे आलेली नाही. बाहेरून बसवा असं मीच लिहिलं होतं, ते टिपण मागायचं कोणाला सुचलं नाही. मी दिलं नाही. फिटर वाचले, विक्रेता वाचला, साहेब वाचले, मी वाचले. सगळे माझ्याकडे पाहून मान हलवत होते. नोंद पक्की.

सुधाकरला कोणी पकडलं नाही, पोलिसांत कोणी गेलं नाही. फक्त सगळ्यांना कळलं. कारखान्यात कळलं ते त्याच दिवशी गावात कळलं. सख्ख्या भावाची गाडी उलटी जोडली म्हणून. त्याच्याकडे सायकल द्यायला लोक कचरायला लागले. आठवड्याभरानं तो गेटवर आला, हात धुऊनही काळेच राहिलेले. मला बाहेर बोलावलं.

"मॅडम, मी चिमट्याले हात नाही लावला. मी त्याले तुमच्यापाशी धाडलं होतं. तो येऊन गेला म्हणे, अन् तुम्ही थांबाले सांगतलं म्हणे. वहिनीले एकदा तेवढं सांगून द्या. बाकी काही नाही पाहिजे."

मी म्हणाले, "माझ्याकडे तसं काही आलेलं नाही."

तो ओरडला नाही. "तुम्ही सगळं लिहून ठेवता म्हणे," एवढंच म्हणाला.

"हो. त्यात नाही."

इथपर्यंत भीती होती, असं म्हणता येईल. नोकरीची, चौकशीची, चारचौघांत तोंडघशी पडायची. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आले. पण पुढे जे झालं तिथे भीतीला जागा नव्हती. म्हणूनच खरं सांगायचं ते पुढचं आहे.

चार महिन्यांनी देविदास कामावर आला. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पॅकिंगचं काम शक्य नव्हतं. मी साहेबांकडे शब्द टाकला आणि त्याला माझ्याच खोलीत हजेरीच्या टेबलावर बसवून घेतलं. सगळे म्हणाले, मॅडमनी त्याची नोकरी वाचवली. तोही म्हणाला. अजून म्हणतो. तोवर चौकशीची फाइल बंद झाली होती. सायकल भंगारात गेली होती — पाठवायच्या कागदावर सही माझीच. कोणी काही विचारणार नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, खोलीत आम्ही दोघंच असताना, तो उठून माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, एक विचारू?" म्हणाला. "सुधाकर म्हणते, गाडी भेटल्यावर सहाव्या दिवशी मी तुमच्यापाशी आलो होतो. गाडीबद्दल सांगाले. मले काही आठवून नाही राहिलं. डोक्यात ते पानच नाही. तुमच्यापाशी सगळं लिहिलेलं राहते. मी आलो होतो काय?"

माणूस स्वतःच्या आयुष्यातला महिना विचारत होता. दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता. बायकोकडे नाही, डॉक्टरकडे नाही. माझ्याकडे होता. "हो, आला होता" — एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्यानं माझं काही वाकडं केलं नसतं. मी देविदासला ओळखते. तो घरी जाऊन भावाजवळ बसला असता, बस्स.

मी ड्रॉवर उघडला. डायरी काढली — नवी. तो दिवस काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. कँटीनचं कंत्राट. दिवाळी भेट, यादी दोन. बस क्रमांक चारचा चालक. पान उलटून आदला दिवस वाचला, नंतरचा वाचला. मग डायरी मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली. डावा हात उचलायला त्याला उजव्याचा आधार घ्यावा लागत होता.

"तुमच्यापाशी नाही, म्हणजे नाहीच," म्हणाला. "भाऊ असून खोटं बोलते, पहा."

मी डायरी ड्रॉवरमध्ये ठेवली. त्याच्या डोक्यातलं एक पान कोरं होतं. ते मी माझ्या हातानं भरलं आणि तेही सुवाच्य अक्षरात.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात भिंत आली. मला कसं कळलं? विटा आणायला त्यानं एक दिवसाची रजा घेतली होती, कारण लिहिलं होतं "घरकाम". सुधाकरनं पुढच्या पावसाळ्याआधी दुकान मोडलं. कोराडीला मेहुण्याकडे गेला, तिथल्या वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रकांवर भराईचं काम धरलं. हवेचा पंप देविदासच्या दारात ठेवून गेला म्हणे. देविदासनं तो विकला नाही, वापरलाही नाही. कँटीनमध्ये आता त्याला कोणी चिडवत नाही.

गेल्या महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास देविदास रजेचा अर्ज घेऊन आला. अर्ध्या दिवसाचा. कारणाच्या जागी काही नव्हतं. मी विचारलं.

"कोराडीले जाऊन येतो. सुधाकर गेला. छातीत भरलं होतं म्हणे, राखेनं."

मी म्हणाले की सख्खा भाऊ असेल तर तीन दिवसांची रजा मिळते, तसा नियम आहे, पगार कापला जात नाही. मी नियम सांगितला. दुसरं काय सांगितलं नाही ते तुम्हाला कळलंच आहे.

"तीन दिवस काय कराचे आहेत, मॅडम," म्हणाला. "लोकाईले दिसाले पाहिजे म्हणून जातो. अर्धा पुरे."

मी अर्जावर सही केली. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे अर्धी रजा लिहिली.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. "जय भीम, मॅडम," म्हणून जागेवर बसला, हजेरीचे कागद पुढे ओढले. बऱ्याच वेळानं, वर न पाहता म्हणाला, "त्याचा पोरगा सांगत होता. शेवटी शेवटी बाप हेच म्हणे, मी चिमट्याले हात नव्हता लावला, मी दादाले मॅडमपाशी धाडलं होतं. मरतानाही खोटं सोडलं नाही त्यानं, मॅडम."

मी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तो प्यायला, आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

जुनी डायरी घरी लोखंडी कपाटात आहे, खालच्या खणात, रजयांच्या खाली. दोन्ही ओळी त्यात आहेत. एकीपुढे "विचारणे", एकीपुढे "बघणे". खूण कशापुढेच नाही. देविदास माझ्यापासून चार हातांवर बसतो. त्याच्या निवृत्तीला तेरा वर्षं आहेत, माझ्या सहा. त्याला मी हे सांगितलेलं नाही.